पुढची चाकं जागी झाली तेव्हा

मित्रांनो, म्हाताऱ्या बाईला वय विचारू नये म्हणतात, मग जुन्या जीपला तरी कशाला विचारायचं? मी एक जुनी फोर-व्हील जीप आहे. मुळशीतल्या मुठा गावात राहते. चारही चाकांनी जोर लावावा म्हणून माझा जन्म झाला, पण त्यातली दोन चाकं वर्षानुवर्षं आयती बसून होती. त्याचीच ही गोष्ट.

माझे पहिले मालक हैबतराव. त्यांनी मला भाताची पोती, पेंढा आणि दुधाचे कॅन वाहायला लावलं. मीही कधी कुरकुर केली नाही. दसऱ्याला हैबतराव मला स्वतः धुवायचे आणि चारचौघांत सांगायचे, "ही माझी थोरली लेक हाय." पुढे त्यांनी नवी पिकअप घेतली आणि थोरल्या लेकीची रवानगी गोठ्यामागे झाली. कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालू लागल्या. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

तिथून मला किमयाने सोडवलं. ही मूळची अकोल्याची, हिंजवडीत नोकरी करणारी आणि मुठ्यात भाड्याने राहणारी मुलगी. तिला मी हवी होते ती शेजारच्या लीलाबाईंसाठी. लीलाबाई वरच्या डोंगरवाडीतल्या. खुब्याचं हाड मोडलं तेव्हा वाडीतल्या माणसांनी त्यांना झोळीत घालून खाली आणलं. ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी डोंगर चढायला मनाई केली. दोन महिने त्या किमयाच्या शेजारी, लेकीकडे, हेमलताकडे पडून होत्या. घराच्या आठवणीने त्यांचं अन्न तुटलं होतं. वाडीतल्या माणसांनी झोळीतूनच परत नेतो म्हटलं, तर त्यांनी साफ नकार दिला.

"झोळीत घालून घरी जायाला मी काय मढं हाय व्हय? बसून जाईन, न्हाईतर हितंच मरंन."

"मी नेते आजी तुम्हाला," किमया बोलून बसली. वाडीला जाणारा मातीचा चढ तिने तोवर नीट पाहिलासुद्धा नव्हता.

मग सुरू झाला माझा नट्टापट्टा. किमयाने मोबाईलवर व्हिडिओ पाहून भलीमोठी यादी केली आणि मला उरवड्याच्या वाल्मीक मिस्त्रीकडे नेलं. उंच स्प्रिंगा, जाड टायर, लोखंडी बंपर, कपाळावर दिव्यांची पट्टी. वाल्मीक डोकं खाजवत म्हणाला, "ताई, आधी खालून उघडून बघू द्या. नटवायचं मागून."

"दादा, आजी जेवत नाहीत. मला रविवारी न्यायचंय त्यांना."

रविवारपर्यंत टायर आणि दिवेच काय ते बसले. खरं सांगते, मोह मलाही झाला. उरवड्यातल्या एका दुकानाच्या काचेत मी स्वतःला दोनदा बघून घेतलं.

रविवारी लीलाबाई पुढे बसल्या, मागे हेमलता. निम्मा चढ गेला आणि माझी मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. किमयाने फोर-व्हीलचा दांडा ओढला. काही उपयोग नाही. क्लच जळल्याचा वास आला आणि मी हातभर मागे, ओघळीकडे घसरले. हेमलताने उडी टाकून चाकामागे धोंडा लावला, म्हणून वाचलो. लीलाबाईंना हळूच उतरवून कातळावर बसवलं. किमयाने पुन्हा गाडी रेटून पाहिली. लीलाबाई जन्मभर गुरांमागे फिरलेल्या. जनावर कुठल्या पायाने लंगडतंय ते त्यांना लांबून कळे.

"अगं पोरी," त्या म्हणाल्या, "मागचीच चाकं झटत्यात. पुढची निस्ती बसल्यात."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला! मित्रांनो, माझ्या पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक गोल टोपी असते. खाली उतरून ती हाताने फिरवली, तरच जोर त्या चाकापर्यंत पोचतो. हैबतरावांनी डिझेल वाचवायला त्या टोप्या कधी फिरवल्याच नाहीत. त्या गंजून घट्ट झाल्या आणि विकताना सांगायचंही राहून गेलं. आम्ही उलटे खाली आलो. लीलाबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या, आणि किमया स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडली. मला तिचे डोळे पुसता येईनात.

दुसऱ्या दिवशी तिने वाल्मीकसमोर यादी फाडली. "दादा, तुम्ही सांगाल ते."

वाल्मीकने आधी त्या टोप्या खोलल्या, गंज काढला, ग्रीस भरलं. मग ब्रेक नीट केले. अडकले तर ओढायला पुढे-मागे भक्कम हूक बसवले. त्याने उंच स्प्रिंगांचं विचारल्यावर किमयाच म्हणाली, "नको, आजींचा पाय पोचणार नाही. त्यापेक्षा एक पायरी लावा, आणि धरायला दांडा." दिव्यांची पट्टी उतरली. थोडं वाईट वाटलं, पण कपाळ हलकं झालं.

पुढच्या रविवारी चढाच्या पायथ्याशी किमया खाली उतरली आणि दोन्ही टोप्या हाताने फिरवल्या. त्याच वळणावर मागची चाकं सटकली, आणि अहो, पुढची जागी झाली! त्यांनी माती धरली आणि मला वर ओढून नेलं. लीलाबाई दांडा घट्ट धरून, पाठ ताठ ठेवून बसल्या होत्या. वाडीत शिरल्यावर त्या पायरीवरून स्वतः उतरल्या. काठी टेकत दारापर्यंत गेल्या, उंबऱ्याशी टेकल्या आणि लेकीला म्हणाल्या, "हेमे, नाचणीच्या दोन भाकरी टाक. लई भूक लागलीया."

मित्रांनो, घरात एखादी जुनी गाडी असेल, एखादं जुनं माणूस असेल, तर त्यांना नटवण्याआधी जरा खाली वाका. कुठे गंजलंय, कुठे दुखतंय, ते बघा आणि तिथे आधी हात लावा. आम्ही म्हातारे झालो असू, पण अजून कुणाला तरी घरी पोचवायचं आमच्यात बळ आहे.