फोनवरची ती बाई

...रिसीव्हरच्या बोलायच्या बाजूला जी बारीक भोकं असतात, त्यांतल्या एका भोकात कणकेचा एवढासा कण वाळून बसला होता आणि रत्नप्रभा तो नखानं उकरत होती — उकरत होती म्हणजे आपण ऐकत नाही असं दाखवत होती, आता दाखवत होती तरी कोणाला, हॉलमध्ये कुलरशिवाय कोणीच नव्हतं — आणि वरच्या बाजूनं एक बाई तिला अगदी अदबीनं विचारत होती, ‘‘नमस्कार. कसे आहात आपण?’’

बाई गोड होती. ‘आपण’मधला ‘ण’ म्हणताना तिची जीभ टाळूला नीट टेकत होती, जी यवतमाळात सहसा कोणाची टेकत नाही. वाक्याचा शेवट ती आपटत नव्हती. निजलेलं बाळ पाळण्यात ठेवावं तसा हलकेच ठेवत होती. आणि बोलताना ती किंचित हसत होती. न दिसताही ते कळत होतं. हसत बोललं की आवाजाला ऊब येते, ही माइकसमोरची जुनी युक्ती रत्नप्रभाला ठाऊक होती... ठाऊक असणारच, कारण फोनवर हसणारी ती बाई स्वतः रत्नप्रभाच होती.

‘‘लोहाऱ्याच्या पुढे, निसर्गाच्या कुशीत, मेघमल्हार सिटीमध्ये आपला प्लॉट आपली वाट पाहत आहे. अधिक माहितीसाठी एक दाबा.’’

मी असं कधी म्हटलं? — रत्नप्रभानं रिसीव्हर आपटला. मी मेघमल्हार सिटी हा शब्द जन्मात उच्चारलेला नाही. लोहाऱ्याच्या पुढं निसर्गाला कूस आहे हेही मला आजच कळलं.

पण आवाज तिचा होता, त्यात वाद नव्हता. दोनेक वर्षांपूर्वी नागपूरला एका खोलीत — भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले, पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो — तिनं दिवसभर वाक्यं वाचली होती. रेडिओवर नैमित्तिक निवेदिका म्हणून केलेल्या कामाचं हे एवढंच पुण्य शिल्लक होतं, की कोणीतरी आठवणीनं बोलावलं. अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचणारं यंत्र तयार होतंय, असं तिथला बर्म्युडा घातलेला मालक म्हणाला होता. वाक्यांना ना शेंडा ना बुडखा. ‘वाघाच्या मिशा ओल्या होत्या.’ ‘काकूंनी झाकण घट्ट लावले.’ ‘हे आपण मला आधी का नाही सांगितले?’ हे शेवटचं तर तिनं इतक्या जिव्हाळ्यानं वाचलं, की मालकानं काचेपलीकडून अंगठा दाखवला. तेव्हा वाटलं, कुठल्याशा गावी एखादा मुलगा आपल्या आवाजात इतिहासाचा धडा ऐकेल... आणि आता त्या वाघाच्या मिशांमधून आणि काकूंच्या झाकणामधून यंत्रानं तिचा आवाज शिकून घेतला होता आणि तो अख्ख्या जिल्ह्याला प्लॉट विकत फिरत होता.

चंद्रशेखरांना तिनं हे सांगितलं नव्हतं. सांगणार होती. नागपूरहून आली त्या संध्याकाळी ते म्हणाले होते, ‘‘काय झालं मग नागपूरले?’’ आणि ती ‘‘अहो, गंमतच झाली, मले त्यांनी —’’ इथवर आली, तोवर त्यांनी पुढचा प्रश्न टाकला होता, ‘‘बसमधी जागा भेटली होती?’’ भेटली होती. विषय संपला. चंद्रशेखर वाईट नव्हते. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात उभी नोकरी काढलेल्या माणसाला जे ऐकायचं असतं ते विषयाच्या ओळीत येऊन जातं, बाकीचा मजकूर तो चाळतो. बायकोचा मजकूर चाळायची त्यांना सवय झाली होती, एवढंच. रेडिओवरही त्यांनी तिला कधी ऐकलं नव्हतं. तिचा कार्यक्रम दुपारी, तेव्हा ते ऑफिसात. एकदाच म्हणाले होते, ‘‘आज ऐकला तुझा कार्यक्रम, मस्त बोलली.’’ त्या दिवशी तिची ड्यूटी सुरभी नावाच्या दुसऱ्या निवेदिकेनं केली होती.

फोन पुन्हा वाजला. न्हाणीतून निघालेले चंद्रशेखर बनियन नीट करत आले आणि त्यांनी तो उचलला. रत्नप्रभा पोळीचं उलथणं घेऊन दारात उभी राहिली.

‘‘नमस्कार,’’ चंद्रशेखर म्हणाले. मग एकचं बटण दाबून खुर्ची ओढून बसले. ताठ. ‘‘हो, हो, बोला ना ताई. वेळच वेळ आहे.’’

ताई!

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा आपल्याला ताई म्हणतो आहे आणि आपण उलथणं धरून ते ऐकतो आहोत, या प्रसंगाला काय म्हणावं हे तिला सुचेना. आणि शिवाय ‘बोला ना’! ‘नं’ नाही, ‘ना’! घरात सगळं वऱ्हाडीत चालतं, आणि फोनवरच्या बाईशी मात्र हे पुण्याला जाऊन आल्यासारखे बोलतात. कुलरच्या घरघरीतूनही तिला पलीकडचं ऐकू येत होतं, कारण चंद्रशेखरांना हल्ली कमी ऐकू येत असल्यामुळे फोनचा आवाज शेवटपर्यंत वाढवलेला होता.

‘‘आपला सध्याचा व्यवसाय काय आहे?’’

‘‘निवृत्त. बांधकाम विभाग. जिल्हा परिषद.’’

‘‘अरे वा!’’ यंत्र म्हणालं.

हे ‘अरे वा’ रत्नप्रभानं नागपूरला वाचलेलं नव्हतं. नागपूरलाच काय, इतक्यात कुठंच वाचलं नव्हतं — म्हणजे म्हटलं नव्हतं — म्हणजे यांना तर... नेमकं कधी म्हटलं होतं? आठवेना. पण ते ‘अरे वा’ चंद्रशेखरांच्या खांद्यांवर एखाद्या शालीसारखं पडलं. ते राळेगाव रोडवरच्या कुठल्याशा पुलाबद्दल सांगायला लागले. पूर आला, लोकांनी सांगितलं पूल गेला, मी म्हटलं जाणार नाही, सकाळी बघतो तर ताई, पूल जिथल्या तिथं! हा पूल रत्नप्रभानं एवढ्यांदा ऐकला होता, की तो आला की ती भाजी चिरायला उठायची. यंत्र उठलं नाही. यंत्राला भाजी चिरायची नव्हती.

‘‘खूप छान. मी आपल्या भावना समजू शकते.’’

चंद्रशेखरांनी रिसीव्हर कानाशी आणखी दाबला. मग, जरा हळू — पण कमी ऐकू येणाऱ्या माणसाचं हळू ते कितीसं हळू — म्हणाले, ‘‘काय आहे ताई, आजकाल दिवस जात नाही हो.’’

करपलेल्या पिठाचा धूर नाकाला झोंबला. आत तव्यावर पोळी जळत होती. ती हलली नाही. दिवस जात नाही. हे मला का नाही... दिवस जात नाही असं हा माणूस मला कधीच म्हणाला नाही. मला म्हणतो, मीठ कमी आहे, मला म्हणतो, टाकी भरली का, आणि त्या बाईला...

‘‘समजले,’’ ती बाई तेवढ्याच उबेनं म्हणाली. ‘‘आपल्यासाठी आमच्याकडे तीन आकारांचे प्लॉट उपलब्ध आहेत.’’

‘‘प्लॉट नको. पण तुम्ही करत जा फोन.’’

‘‘धन्यवाद. आपला दिवस आनंदात जावो.’’

‘‘तुमचाही,’’ चंद्रशेखर म्हणाले, रिसीव्हर दोन्ही हातांनी ठेवला आणि मग नाक वर करून म्हणाले, ‘‘अवं, काहीतरी जळून राहिलं.’’

जळतच होतं. पोळीचं एक ठीक. पण स्वतःच्याच आवाजावर जळणं हा प्रकार नवा होता आणि त्याला नाव नव्हतं. सवत म्हणावं तर ती आपणच. शेजारणीशी भांडता येतं, सवतीशी अबोला धरता येतो. स्वतःच्या गळ्याशी काय धरायचं? जळकी पोळी बाजूला टाकताना तिला एक भयंकर कल्पना सुचली. तिनं गॅस बारीक केला, पदर सारखा केला — रेडिओवर जाणाऱ्या बायका हे का करतात कोण जाणे, पण करतात — आणि गालात किंचित हसून, ‘ण’ टाळूला टेकवून, हॉलच्या दिशेनं म्हणाली, ‘‘नमस्कार. जेवण तयार आहे. आपण आता बसणार आहात का?’’

हॉलमधल्या कुलरनंही क्षणभर श्वास धरला असावा.

‘‘मोबाइलवर कोणाचा फोन आला व?’’ चंद्रशेखरांनी ओरडून विचारलं. ‘‘त्याच बाईचा असंन तर मले दे!’’

रत्नप्रभानं कपाळ फ्रीजला टेकवलं. फ्रीज गार होता, तेवढंच.

जेवणं झाल्यावर शेजारचे देवीलाल आले. एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी बोलतात असे, की शेवटच्या सीटवरच्याला ऐकू जावं. बसता बसता त्यांनी मोबाइल वर धरला.

‘‘साहेब, बंद! त्या बाईले मुकी करून टाकली आज. पोरानं काहीतरी घालून देल्लं याच्यात, आता तिचा फोनच येत नाही.’’

‘‘कोणत्या बाईले?’’ रत्नप्रभानं विचारलं, जरा फार चटकन.

‘‘तेच व वहिनी, प्लॉटवाली! तुम्हाले नाही येत? सकाळी येते, दुपारी येते. आमच्या तांड्यावर तर सगळ्याइले येते. वावरात पऱ्हाटी उपटून राह्यले लोकं, अन् हे म्हणते, आपला प्लॉट वाट पाहून राह्यला! मी तर रोज तिले शिव्या देत होतो. अशा शिव्या देल्ल्या वहिनी, की डेपोतबी नसन कोणाले देल्ल्या.’’

‘‘काहून पण?’’ रत्नप्रभा म्हणाली. ‘‘तिनं काय केलं तुमचं?’’

‘‘आता घ्या!’’ बायकोच्या आठवणीनं देवीलाल हसले. ‘‘आमची हंसाबाईबी हेच म्हणते. तिनं तर मैत्रीण केली तिले. आमच्या बंजारा बोलीत बोलते तिच्यासंग — याडी, म्हंजे माय, जेवली का? म्हणते, बिचारी दिवसभर बोलून राह्यली, घोटभर पाणी देल्लं असन का कोणी तिले.’’

रत्नप्रभाला एकदम पाणी प्यावंसं वाटलं. हंसाबाईंच्या हातचं. डेपोच्या शिव्या कानाआड करून ती त्या एका घोटाशी अडून राहिली, आणि डोळे का भरून येताहेत हे कळू नये म्हणून ताटं उचलायला लागली.

‘‘तुमच्या या डब्ब्याले ते घालता येत नाही,’’ देवीलाल हॉलमधल्या फोनकडे बघत म्हणाले. ‘‘हे लाइनच काढून टाका साहेब. मोबाइल आहे तुमच्याजवळ. हे कायले ठेवली? नुसती कटकट.’’

हो म्हणतील. रत्नप्रभा ताटं धरून थांबली. म्हणावंच त्यांनी हो. लाइन जाईल, ती जाईल, घरात एकच रत्नप्रभा उरेल. आणि दुसऱ्याच क्षणी — नको. लाइन गेली तर यांचा दिवस कसा जाईल?

‘‘राहू द्या,’’ चंद्रशेखर म्हणाले. ‘‘तिचा त्रास नाही मले.’’

‘‘मशीन आहे साहेब ते! माणूस नाही!’’

‘‘माहीत आहे. इंजिनियरच्या हाताखाली काम केलं मी, मशीन कळते मले.’’ त्यांनी सुपारी कातरायला घेतली. ‘‘पण ऐकते नं.’’

देवीलाल हात झटकून, ‘‘तुम्ही अन् आमची हंसाबाई, एका गाडीचे पॅसेंजर,’’ असं म्हणून निघून गेले. फाटकाची कडी वाजली. दुपार घरात येऊन बसली.

रत्नप्रभा समोरच्या खुर्चीवर येऊन टेकली. ही खुर्ची पाहुण्यांची. त्यामुळे तिला स्वतःलाच आपण कोणाकडे तरी आल्यासारखं वाटलं.

‘‘अहो, तिच्यात असं काय आहे हो?’’

‘‘कोणाच्यात?’’

‘‘त्या बाईच्यात.’’

चंद्रशेखरांनी अडकित्ता थांबवला. ‘‘आवाज,’’ ते म्हणाले. ‘‘आवाज ओळखीचा वाटते.’’

रत्नप्रभा खुर्चीच्या कडेवर आली. ‘‘कोणाचा?’’

ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. खरोखर बघत राहिले. या बघण्यात मीठ नव्हतं, पाण्याची टाकी नव्हती.

‘‘तेच तर आठवून नाही राहिलं,’’ ते म्हणाले. आणि डोळ्यांच्या कडेला जे हललं ते हसू होतं की उन्हाची तिरीप, हे या माणसाबद्दल तिला आजवर कधी ठरवता आलेलं नाही आणि आताही आलं नाही. माहीत आहे का यांना? पहिल्या दिवसापासून माहीत आहे? ‘ताई’ म्हणताना माहीत होतं? मग तो दिवस न जाण्याचा निरोप... तो यंत्राला होता, की उलथणं धरून दारात उभ्या असलेल्या बाईला?

‘‘मले तुम्हाले एक सांगायचं होतं,’’ ती म्हणाली.

आणि थांबली. नेहमी ती थांबत नसे. थांबलं की यांचा पुढचा प्रश्न येतो, म्हणून सगळं एका दमात रेटायची सवय. शिवाय रेडिओचा धाक अंगात मुरलेला — तिथं निवेदिका गप्प बसली म्हणजे लोक रेडिओ बिघडला समजून डब्याला थापटी मारतात. पण आज पुढचा प्रश्न आला नाही. चंद्रशेखरांनी अडकित्ता बाजूला ठेवला. ताठ बसले. मान किंचित तिरपी, ज्या कानानं बरं ऐकू येतं तो कान तिच्याकडे.

कोपऱ्यात फोन वाजायला लागला.

तो वाजत राहिला. तिला वाटलं, आता उठतील. ते उठले नाहीत. तिकडं कोणी एक आपल्याच गळ्यानं ‘कसे आहात आपण’ म्हणायला ताटकळलेली, आणि इकडं हा माणूस हात गुडघ्यांवर ठेवून नुसता बसलेला...

‘‘काय म्हणत होती?’’ ते म्हणाले. ‘‘बोल नं.’’

नागपूरचं सांगायचं होतं की पुलाचं विचारायचं होतं, हे आता तिला नक्की आठवत नव्हतं. फोन वाजत होता. तोंड उघडलं तर त्यातून कोणती रत्नप्रभा बोलेल, ‘ण’वाली की ‘न’वाली, की आजवर या घरात कोणी न ऐकलेली तिसरीच एखादी, हे तिला खरंच माहीत नव्हतं, आणि नवल म्हणजे त्याची तिला भीती वाटत नव्हती, उत्सुकता वाटत होती. तिनं श्वास आत घेतला.