दाराबाहेर टांगलेला डोंगल

मी डोंगल बोलतोय. बोटाएवढा, पांढरा, पोटात एक सिमकार्ड. लॅपटॉपच्या कडेला मला खुपसलं की चालत्या बसमध्येही इंटरनेट लागतं. निळा दिवा म्हणजे नेटवर्क आहे, लाल म्हणजे नाही. खोटं बोलायची सोय माझ्यात ठेवलेलीच नाही, हेच माझं दुखणं.

माझ्या मालकीणबाई एक्स-रे मशीन दुरुस्त करतात. आज या गावी, उद्या त्या गावी. मला त्यांच्या हाती देताना साहेब म्हणाले होते, आता रिपोर्ट द्यायला ऑफिसात यायला नको, बसमधूनच पाठवा आणि सरळ घरी जा. बाई काय खूश झाल्या! रेंज बरी मिळावी म्हणून मला लांब वायरला जोडून रबरबँडने खिडकीच्या गजाला बांधायच्या.

चार दिवसांत साहेबांचा कावा कळला. रिपोर्ट ज्या वाटेने जातो त्याच वाटेने नवं काम परत येतं. साहेबांना सगळं लेखी लागतं आणि बाईंचा फोन साधा, बटणांचा. म्हणजे सगळा भार माझ्यावर. प्रवासातली बाईंची डुलकी गेली, शेजारणीशी गप्पा गेल्या. एक्स-रे रूमच्या भिंतींत मात्र शिशाचा पत्रा असतो, तिथे मला रेंज येत नाही. साहेबांपासून सुटका हवी असली की बाई मला घेऊन तिथे बसायच्या. तेवढीच आमची दोघांची सुट्टी.

मग अप्पांच्या, म्हणजे बाईंच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. तीन वर्षं त्यांना माणसं नुसती धूसर दिसत होती. पट्टी सुटताना समोर तूच पाहिजेस, असं त्यांनी लेकीला बजावलं होतं. बाईंनी शब्द दिला, रजा टाकली, आणि पट्टी सुटायच्या आदल्या दुपारीच अप्पांकडे जाणारी बस पकडली.

अर्ध्या वाटेत साहेबांचा मेल आला. काल दुरुस्त केलेलं मशीन पुन्हा बंद पडलंय, उतरा आणि मागे फिरा. लाल व्हायला मी जिवाचा आटापिटा केला. नाही जमलं. बाईंनी मला उपटायला दोन बोटांत धरलंसुद्धा. मग "तिथे कुणी मोडलेला हात धरून बसलं असेल" असं पुटपुटल्या आणि पुढच्या थांब्याला उतरल्या.

दुसऱ्या दिवशी पट्टी सुटायची वेळ झाली तेव्हा लॅपटॉप एक्स-रे रूममध्ये मशीनला जोडलेला होता, काढता येत नव्हता. बाईंनी माझी वायर दाराखालच्या फटीतून बाहेर सोडली आणि मला बाहेरच्या कडीला टांगलं. आत त्या कोंडलेल्या, बाहेर मी लटकलेला. तिकडे बाईंच्या वहिनीने व्हिडिओ कॉल घेऊन अप्पांसमोर आपला फोन धरला. रेंज जेमतेम. बाईंचा चेहरा एकदाच पलीकडे पोचला आणि तिथेच अडकला, पुढे नुसता आवाज. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अप्पा, दिसतेय का मी?"

"दिसतेस. पण हलत नाहीस."

"नेट अडकलंय. थांबा, परत लावते."

"नको लावू. एरवी कधी थांबतेस तू? बघू दे नीट." अप्पांनी वहिनीच्या हातातला फोन डोळ्यांजवळ ओढला. मग हळूच म्हणाले, "केस कधी गं पांढरे झाले तुझे?"

माझ्यातून फक्त बाईंचा हुंदका पलीकडे गेला.

दुपारी मशीन सुरू झालं. आता आम्ही पुन्हा अप्पांकडे जाणाऱ्या बसमध्ये आहोत. या खेपेला बाईंनी मला लॅपटॉपला लावलेलंच नाही, टोपण घालून बॅगेच्या तळाशी कोंबलंय. इथे अंधार आहे, वर कपड्यांचा ढीग आहे, जीव गुदमरतो. साहेबांनी एव्हाना चार मेल तरी धाडले असतील. बाई, मला हात नाहीत, नाहीतर जोडले असते. घर येईपर्यंत मला बाहेर काढू नका.