चुडामणचा फिरता पूल

"अभिमन येत नही," तानुबाई दारातूनच म्हणाली. "त्याना बैल आजारी शे."

पाट मांडलेला होता. ताटात मांडे, आमरस, कुरडई. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितर जेवू घालायचा, म्हणजे गेलेल्याच्या नावानं कोणाला तरी पाटावर बसवायचं. यंदा गावातल्या अभिमनला सांगितलं होतं. घरातला धाकटा मुलगा चुडामण मुंबईच्या बंदरात तापानं गेला, त्यानंतरची ही पहिली आखाजी.

"मंग निंबा बसी," उखर्डूआबा म्हणाले. त्यांची नजर केव्हाच गेली होती.

"सख्खा भाऊ बसस का कधी, आबा?" तानुबाईनं नवऱ्याकडे, निंबाकडे पाहिलं.

"पाट रिकामा ठेवू नको."

निंबा बसला. या घरात पहिलं वाढलेलं ताट त्याच्यापुढे कधी आलं नव्हतं. दर आखाजीला ते चुडामणपुढे यायचं, आणि मग ओट्यावर तो कामाला होता त्या पुलाची गोष्ट चालायची. आगबोट आली की बंदरातला तो लोखंडी पूल वळून वाट देई. आधी माणसं दांडे ढकलून तो फिरवत. मग पाण्याच्या दाबाचं यंत्र आलं, मग विजेचं. दर वर्षी पूल नवा होऊन गावात यायचा. "मन्हा चुडामण हात हालावस, तवय आगबोट जास," आबा लोकांना सांगायचे. निंबा तेवढ्यात बैलांना पाणी दाखवायला उठायचा. त्याच्या मोटेवर सगळं घर जेवत होतं. आबांनी तिच्याविषयी चार शब्द कधी ऐकले नाहीत. आणि आता चुडामण मेला, तरी ताट त्याचंच.

त्यानं मांड्याचा तुकडा मोडला.

"चुडामण," आबा पाटाकडे तोंड करून म्हणाले, "पूल कसा फिरस रे? सांग ना."

तानुबाईनं पदर तोंडाला लावला. मी निंबा शे, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण आबांचा चेहरा आज त्याच्याकडे वळलेला होता.

"आगबोट उनी का पहिले घंटा वाजस, आबा. बठ्ठया गाड्या थांबतस. मंग पूल हळूहळू फिरस..."

गोठ्यातून त्याला सगळं ऐकू येत असे. चुडामण जिथं थांबायचा तिथं तो थांबला, जिथं हसायचा तिथं हसला. आबा मान डोलवत होते.

"...बोट गई, का बैल मांगे सरकतस, आनि..."

निंबानं जीभ चावली.

"पुलले बैल कोठून उनात?" आबा हसले. "बैल निंबाकडे. तो मोट चालावस."

"हा, आबा."

"चांगली चालावस. गावमा तशी कोनी नही." आबांनी आवाज खाली आणला. "पन त्याले सांगू नको. फुगी जाई."

"नही सांगस," निंबा म्हणाला.

तानुबाईनं त्याच्या वाटीत रस वाढला. तो संपला, हात वाळला, बाहेर तहानलेले बैल हंबरू लागले, तरी निंबा पाटावरून उठला नाही.