बाळंतिणीचं दार

आजींचा एक पाय स्वयंपाकघरात होता आणि दुसरा अंगणात. मधे खिडकीची चौकट, हातात चहाची किटली, आणि खाली अंगणात आजोबा दोन्ही हात वर करून उभे.

"किटली आधी दे," आजोबा म्हणाले.

"किटली मी धरली आहे. तुम्ही खोकं धरा."

"खोकं हलत नाही. चारही कोपऱ्यांखाली चपटे दगड सारलेत मी."

"मग मला धरा!"

आजोबांनी किटली धरली. एकोणपन्नास वर्षांच्या संसारात सांगितल्याच्या नेमकं उलटं करायची कला त्यांना साधली होती. आजी त्यांच्याकडे एकदा बघून आपल्या आपणच खोक्यावर उतरल्या, खोक्यावरून जमिनीवर आल्या आणि गुडघ्यावरची धूळ झटकली.

घराचं दार तिथून तीन पावलांवर होतं. चांगलं धडधाकट, तेल घातलेल्या बिजागऱ्यांचं. किल्लीही आजोबांच्या खिशात होती. फक्त ते उघडायचं नव्हतं.

टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या या लाकडी घरात दोघं दरवर्षी थंडी सरली की यायची आणि पुन्हा थंडी पडेपर्यंत राहायची. यंदाही तीन आठवड्यांपूर्वी आली. आजोबांनी किल्ली कुलपात घातली, फिरवणार एवढ्यात आजी ओरडल्या, "थांबा!" आजी एकतीस वर्षं प्रसूतिगृहात मेट्रन होत्या. त्यांच्या या 'थांबा'पुढे भल्याभल्या डॉक्टरांच्या हातातले ट्रे खाली पडले होते. आजोबा जागच्या जागी थिजले.

दाराच्या वरच्या आडव्या पट्टीवर अर्धं आणि चौकटीवर अर्धं असं एक घरटं होतं. त्यात मुठीएवढी राखाडी पक्षीण मान ताठ करून बसली होती. दार बाहेरच्या बाजूला उघडायचं. बोटभर उघडलं असतं तरी घरटं पक्षिणीसकट आजोबांच्या टोपीवर आलं असतं.

"बाळंतिणीला हलवायचं नाही," आजींनी निकाल दिला.

"अगं, अजून अंडी उबवतेय ती. बाळंत कुठे झाली?"

"त्यातलं तुम्हाला काय कळतं?"

विषय संपला. नशीब असं, की मागच्या खेपेला घर बंद करताना आजोबा स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी लावायला विसरले होते. एरवी या विसरभोळेपणावर त्यांना वर्षभर ऐकून घ्यावं लागलं असतं. त्या दिवशी मात्र आजी काहीच बोलल्या नाहीत, आणि ही आपली दूरदृष्टी होती असं आजोबांनी ठरवून टाकलं.

तेव्हापासून सगळी ये-जा खिडकीतून. पाण्याच्या बादल्या, सरपणाच्या मोळ्या, बटाट्यांचं पोतं, एकदा तर गादीसुद्धा. आजोबा निवृत्त सर्व्हेअर. खिडकी जमिनीपासून एक मीटर चार सेंटिमीटर उंच आहे हे त्यांनी पहिल्याच दिवशी मोजलं. आत स्टूल, बाहेर खोकं. दिवसातून सरासरी चौदा खेपा, प्रत्येकी. आजींनी नियम घालून दिले होते: हातोडी बंद, रेडिओ हळू, आणि भेटीची वेळ सकाळी पाच मिनिटं, तीही लांबून.

यात एकच अडचण होती, आणि ती आज अकरा वाजता गाडीने येणार होती.

हिवाळ्यात आजोबा शहरातल्या इमारतीच्या जिन्यावर घसरले होते. पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये. तेव्हा लेकीने आणि धाकट्या मुलाने बैठक घेतली. आई-बाबांना अर्थातच बोलावलं नव्हतं. बैठकीत ठरलं की टेकडीखालचं घर कायमचं बंद, आणि दोघांनी धाकट्याकडच्या त्या खोलीत राहायचं, जिथे कपाटाएवढा टीव्ही आहे आणि उघडता येईल अशी खिडकी नाही. आजी दोन दिवस जेवल्या नाहीत. आजोबा जेवले, पण बोलले नाहीत. शेवटी तडजोड झाली. लेक फिजिओथेरपिस्ट होती. तीन आठवड्यांनी ती येऊन दोघांना तपासेल. पास झाले तर थंडीपर्यंत राहायचं. नापास झाले तर त्याच दिवशी सामानासकट गाडीत बसायचं. आणि तोवर चढणं-उतरणं पूर्ण बंद, असं तिने मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं. तो कागद आजींनी स्वयंपाकघरात, खिडकीच्या शेजारीच चिकटवला होता. रोज अठ्ठावीस वेळा तो दोघांपैकी कोणाच्या ना कोणाच्या डोळ्यांसमोरून जायचा.

"आपण तिला सांगून टाकू या का?" आजोबांनी चहा ओतत विचारलं.

"सांगा ना. आणि मग सामान बांधायला घ्या."

"आणि ते बाहेर कुठून काढू, खिडकीतूनच?"

आजींनी कप खाली आपटला. हे घर सोडावं लागेल हा विचार कालपासून त्यांच्या डोक्यातून जात नव्हता, आणि अशा वेळी आजोबांचे विनोद त्यांना मुळीच चालत नसत.

त्यांनी बेत आखला होता. लेकीला आत येऊच द्यायचं नाही. अंगणात दोन खोक्यांवर फळी टाकून टेबल केलं, वर चादर अंथरली. घडीच्या तीन खुर्च्या खिडकीतून आल्या, ब्रेड, चीज, उकडलेली अंडी खिडकीतून आली. खिडकीखालच्या खोक्यावर फुलांची कुंडी ठेवली, म्हणजे ते सहज शोभेला ठेवल्यासारखं वाटेल. झाडांना नुकतीच पालवी फुटली होती, ऊन कोवळं होतं. बाहेर बसायला कारण शोधायची गरजच नव्हती.

गाडी अकराला पाच मिनिटं कमी असताना आली. लेक उतरली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून क्षणभर तशीच उभी राहिली.

"रस्ता काय खराब आहे!" ती म्हणाली. मग आईला मिठी मारली, बाबांच्या पायांकडे बघितलं आणि पर्समधून छापील फॉर्म काढला. खुर्चीत बसेपर्यंत तिचा फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा ती एकच वाक्य बोलली, "हो, उद्या सातला मी आहे."

"आधी चहा," आजी म्हणाल्या.

"आधी तपासणी. बाबा, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं, बसायचं. अर्धा मिनिट. जमेल तेवढं करा, दमलात तर थांबा."

आजोबा सतरा वेळा उठले आणि सतरा वेळा बसले. लेकीने घड्याळाकडे बघितलं, मग ते कानाला लावून बघितलं.

"आता एका पायावर उभे राहा. दहा सेकंद."

"कोणत्या?"

"तुम्हाला जमेल त्या."

आजोबा मोडक्या पायावर उभे राहिले. दहा झाले, वीस झाले. तिसाव्या सेकंदाला त्यांनी तसंच उभं राहून अंड्याचं कवच सोलायला घेतलं. आजींनी डोळे वटारले, तेव्हा कुठे दुसरा पाय खाली आला. मग आजींची पाळी. त्या तर शिपायासारख्या उभ्या राहिल्या. लेकीने वाकून त्यांची पोटरी दाबली.

"आई, हे काय आहे? व्यायामशाळा काढलीय का तुम्ही?"

"इथलं हवापाणी," आजी म्हणाल्या.

"हवापाण्याने मांड्या अशा होत नाहीत." पण लेक हसली आणि फॉर्मवर बरोबरच्या खुणा करत गेली. शेवटी पेन खाली ठेवलं. "ठीक आहे. मी हरले. थंडी पडेपर्यंत राहा."

चादरीखाली आजोबांनी आजींचा हात इतका घट्ट दाबला की आजींना ओरडावंसं वाटलं. त्या ओरडल्या नाहीत. डोळ्यांत पाणी आलं ते मात्र त्यांनी सरळ पुसलं आणि कांदा नसतानाही कांद्यावर ढकललं.

"जरा तोंड धुऊन येते," लेक म्हणाली आणि उठली. हे दोघं आनंदात इतके बुडालेले की ती दारापाशी पोचून मुठीला हात घालेपर्यंत कोणाला भान आलं नाही.

"थांब!"

या वेळी दोघंही एकदम ओरडले. लेकीच्या डोक्यावरून काहीतरी राखाडी भर्रकन उडून गेलं. तिने वर बघितलं. घरट्याच्या काठावर पाच चोची उघड्या होत्या, आणि पाचांनाही ताबडतोब काहीतरी हवं होतं.

बूट कुठे झिजलाय ते बघून माणसाची चाल ओळखायची हा लेकीचा रोजचा धंदा. तिने घरटं बघितलं, बंद दार बघितलं. मग खिडकी. चौकटीवरचा रंग मधोमध पार उडालेला. खाली खोकं, खोक्याखाली चार चपटे दगड.

"दिवसातून किती वेळा?" तिने विचारलं.

आजींनी आजोबांना डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं. पण आकडा विचारला की खोटं बोलणं आजोबांच्या रक्तातच नव्हतं.

"चौदा."

"दोघं मिळून?"

"प्रत्येकी. सरपण आणायचं असलं तर जास्त."

दोघंही आता आभाळ कोसळायची वाट बघत उभे राहिले. लेकीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिचे खांदे हलायला लागले. रडतेय असं वाटून आजोबा पुढे सरसावले, तर ती हसत होती. खूप वेळ हसली. जरा जास्तच वेळ. हसू संपायला हवं होतं तिथे ते संपेना, आणि आजी तिच्याकडे नीट बघायला लागल्या. सगळं छान आहे, मला काही होत नाही, असं सांगत घरी जायला निघालेल्या बायका त्यांनी एकतीस वर्षं बघितल्या होत्या.

"मला आत जायचंय," लेक म्हणाली. तिने कुंडी बाजूला केली, खोक्यावर चढली, उजवा पाय उचलला आणि तिथेच अडकली. पाय वरही जाईना, खालीही येईना.

"काय झालं?"

"कंबर."

"कधीपासून?"

"दोन महिने होतील."

"कोणाला दाखवलंस?"

"आई, लोक कंबर दाखवायला माझ्याकडे येतात."

 आजींनी बाह्या वर सारल्या. "तो पाय सोड. डावा आधी. तोंड माझ्याकडे कर. अहो, खांदा द्या तिला." आजोबांनी खांदा दिला. लेक प्राथमिक शाळेत असताना त्या खांद्यावर शेवटची बसली होती. आता तिचं वजन तेव्हाच्या तिप्पट तरी होतं, पण आजोबा हूं की चूं न करता सरळ उभे राहिले. एक मीटर चार सेंटिमीटर पार पडले.

आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. मग थांबला. मग बराच वेळ काहीच नाही. आजींनी खिडकीतून डोकावून बघितलं. लेक त्यांच्या पलंगावर आडवी झोपली होती, बुटांसकट, फॉर्म छातीवर. आजी आत चढल्या, तिचे बूट काढले, पांघरूण घातलं आणि उगाचच थोडा वेळ तिच्या पायांशी बसून राहिल्या. मुलीच्या केसांत इतकं पांढरं केव्हा झालं, आणि आपण बघत होतो कुठे, हे त्यांना कळेना. बाहेर पर्समध्ये फोन वाजत राहिला. आजोबांनी पर्स उचलून गाडीत ठेवली आणि काचा वर केल्या. बाळंतिणीला त्रास नको, असं ते स्वतःलाच म्हणाले.

लेक उठली तेव्हा ऊन उतरलं होतं. ती खिडकीत येऊन बसली, पाय आतच.

"निघायला हवं. दोघीजणी रजेवर आहेत, उद्याचे सगळे पेशंट माझ्याकडे."

"तीन तास गाडी चालवायची आणि सकाळी माणसं उचलायची? या कमरेने?"

"मग काय सांगू साहेबांना? कंबर दुखतेय म्हणून? सगळं इस्पितळ हसेल आई."

आजींनी आजोबांकडे बघितलं. आजोबांनी फळीवरच्या अंड्याच्या टरफलांकडे बघितलं आणि हळूच मान हलवली. अशा वेळी मात्र दोघांना एकमेकांचं न बोललेलं बरोबर ऐकू यायचं.

"आमचं सांग," आजी म्हणाल्या.

"तुमचं काय?"

"म्हातारी माणसं. एकटं ठेवण्यासारखी परिस्थिती नाही. आठवडाभर थांबावं लागेल."

"आई, साहेब धाकट्याचे मित्र आहेत. रात्रीपर्यंत त्याला कळेल. उद्या दुपारी गाडी घेऊन तुम्हाला न्यायला हजर होईल तो. मग ही तपासणी, हे सगळं वाया जाईल!"

"जाऊ दे."

"आई..."

"जाऊ दे म्हटलं ना. फोन लाव."

आजोबांनी गाडीतून पर्स आणून तिच्या हातात दिली. लेकीने फोन काढून लावला.

"साहेब, मी आठवडाभर येऊ शकत नाही. आई-बाबांकडे आहे. त्यांना... नाही, एकटं सोडता येण्यासारखं नाही." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तिने डोळे मिटून घेतले. "हो. बाबांचा तोच पाय."

हे ऐकताच आजोबा उठले आणि अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जीव ओतून लंगडत चालायला लागले.

"अहो," आजी कुजबुजल्या, "फोन आहे तो. त्यांना दिसतंय थोडंच? कण्हा!"

आजोबा खिडकीपाशी आले, चौकटीला धरून वाकले आणि असे काही कण्हले, की लेकीला फोनवर हात दाबून तोंड फिरवावं लागलं.