तीन नंबरचं काउंटर

सतरा दिवस मी ते सॉफ्टवेअर दुरुस्त करत होते आणि सतरा दिवस ते रोज दुपारी एकच्या सुमारास मान टाकत होतं. शंकर नगरातली रक्ततपासणीची लॅब, नऊ काउंटर, नऊ कॉम्प्युटर आणि सगळ्यांवर तेच फिरणारं गोल चक्र. जेवणानंतर बरोबर दोन तासांनी रक्त द्यायला आलेली म्हातारी माणसं घड्याळाकडं बघत बसायची आणि त्यांची वेळ टळून जायची. मालक शेखरभैया आवाज न चढवता म्हणाले, "शनिवार तक देख लो दीदी. नहीं तो दूसरा सॉफ्टवेअर लगवा लेंगे."

आमच्या दोन खोल्यांच्या कंपनीचं हे एकच मोठं गिऱ्हाईक. ते गेलं की माझी नोकरी गेली. मी सर्व्हर बदलला, केबल बदलल्या, जुना डेटा वेगळा काढला. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

शुक्रवारी शेवटी डोकं चाललं. कोण कोणाला अडवून बसलंय, त्याची यादी काढली. आठ काउंटर एकाच काउंटरसाठी थांबली होती, तीन नंबरसाठी. तिथं तीन आठवड्यांपूर्वीच लहानूकाकांना बसवलं होतं.

लहानूकाका म्हणजे बाबांचे रेल्वे पार्सल ऑफिसातले सोबती. रिटायर झाल्यावर इथं लागले, आधी वरच्या कामाला आणि आता काउंटरवर. लॅबचं हे काम मला मिळालं तेही त्यांनी शब्द टाकला म्हणून. त्यांची खुर्ची रिकामी होती. स्क्रीनवर आजच्या नमुन्यांची यादी दुरुस्तीसाठी उघडी, आणि की-बोर्डवर पेन आडवा ठेवलेला. काका मागच्या खोलीत डबा खात होते.

"काका, यादी उघडी ठेवून काहून उठले?"

"बंद केली तं दुसरा कोणी हात घालीन ना तिच्यात. पार्सलात आम्ही रजिस्टरवर पेन आडवा ठेवून जेवाले जाऊ. तीस वर्सं मायं रजिस्टर कोणी शिवलं नाही. तुया बापानंबी नाही."

किती अभिमानानं सांगत होते.  यादी उघडली की तिला कुलूप लागायचं आणि सेव्ह करेपर्यंत ते सुटायचं नाही, हे चार वर्षांपूर्वी मीच घाईघाईत लिहिलं होतं. माणूस मधेच जेवायला उठतो, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. आता ते बदलायचं तर महिनाभराचं काम होतं, आणि हातात एक दिवस.

मी रिपोर्ट लिहिला: सॉफ्टवेअर ठीक. कारण, काउंटर तीनवर वापरणाऱ्याची चूक. नाव लिहिलं नाही, आणि त्यातच समाधान मानलं. इतकी भेकड आहे मी.

शनिवारी शेखरभैयांनी काकांना काढलं. संध्याकाळी काका तेलीबांध्याला आमच्या घरी आले. मला वाटलं, आता शिव्या देतील. द्यायलाच हव्या होत्या.

"मायामुळं तुले लय तरास झाला, पोट्टी," ते म्हणाले. "सतरा दिवस तू हैरान होऊन राहिली, अन् मले मालूमच नाही."

मी पाणी आणून दिलं. ते प्यायले, आईला जय भीम घातला आणि गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासीच चोराची माफी मागून गेला. 

सोमवारी एक वाजून दहा मिनिटांनी शेखरभैयांचा फोन आला. "दीदी, फिर से अटक गया."

"तीन नंबरवर कोण आहे?"

"नई लड़की है, श्रावणी. लिस्ट खोलकर खाना खाने गई है." "इसको भी निकाल दें क्या?"

हो म्हणवत नव्हतं. नाही म्हणायचं तर चूक माझीच आहे, हे सांगावं लागलं असतं.