तिसरा गाळा

शनिवारी सकाळी अकरा वाजता शिवय्यांनी राजारामपुरीतल्या एका नव्या इमारतीत, तळमजल्यावरच्या तिसऱ्या गाळ्यासमोर नारळ फोडला. मंजूर नकाशात त्या जागी पार्किंग आहे. तो नकाशा त्यांच्या मुलीने काढला होता.

शांभवी १९९८ मध्ये आर्किटेक्ट झाली आणि गणपतरावांच्या ऑफिसात लागली. गणपतराव वर्षानुवर्षं नकाशे करत, पण त्यांच्याकडे आर्किटेक्टची नोंदणी नव्हती. तिच्याकडे होती. कागदावर ओढलेली रेघ उद्या भिंत होते, असं तिला कॉलेजात शिकवलं होतं. इथे प्रत्येक इमारतीचे दोन नकाशे निघत, एक मंजुरीसाठी आणि एक साईटसाठी. पहिल्यात गाड्या, दुसऱ्यात गाळे. तिची सही फक्त पहिल्यावर लागे. तिने एकदा विचारलं, तेव्हा गणपतरावांनी चहा मागवला आणि गावातल्या अशाच इमारतींची नावं सांगितली. पुढे तिने विचारलं नाही. दोन्ही नकाशे तीच काढू लागली.

वडिलांनी गाळा घेतल्याचं तिला नारळ फुटला तेव्हा कळलं. कागलचं भाड्याचं भांड्यांचं दुकान सोडून ते इथे येणार होते. आई, दानम्मा, गवंड्यांना पेढे वाटत होती. शांभवीने वडिलांना जिन्याखाली नेलं.

"आप्पा, हितं दुकान न्हाय. गाड्या लावायच्या हायत."

"कोण म्हणतंय?"

"प्लॅन."

"आन् प्लॅन कुणाचा?"

"माझा."

"मग बदल की." ते हसले. "तुझी सही हाय म्हणून तर घेतला. दुसऱ्या कुणाची असती तर कागल सोडलं असतं व्हय मी?"

बदलता येत नाही, उद्या कुणी तक्रार केली तर गाळा पाडतील, असं तिने सांगितलं. शिवय्यांनी हातातली नारळाची वाटी पायरीवर ठेवली. काढताना तुला ठाऊक होतं का, एवढंच विचारलं. तिने हो म्हटलं.

सोमवारी गणपतरावांनी पूर्णत्वाच्या दाखल्याचा अर्ज तिच्यापुढे ठेवला. बांधकाम नकाशाप्रमाणे झालं, असं त्यावर आर्किटेक्टने लिहून द्यायचं असतं. त्याशिवाय त्या इमारतीला वीज मिळणार नव्हती.

"आता तर घरचाच गाळा की, मॅडम. आप्पाला अंधारात बसवताय व्हय?"

खोटं उघडकीला आलं तर नोंदणी जाईल, ती म्हणाली.

"माझी कुठं हाय? माझं काय अडलंय?"

मंगळवारी कागलच्या दुकानात दुसरा भाडेकरू आला. बुधवारी शिवय्यांनी भांडी टेम्पोतून आणून तिसऱ्या गाळ्यात उतरवली आणि बॅटरीच्या उजेडात मांडायला घेतली. शनिवारपासून ते मुलीशी बोललेले नाहीत. ऑफिस बंद झालं तेव्हा अर्ज तिच्या टेबलावर होता. सही झालेली नव्हती.