गोधडीच्या पोटातलं लुगडं

अहमदपूरच्या त्या गल्लीत तेव्हा घरातून काय बाहेर पडतं यावरून बाई जोखली जायची, आणि धुरपताबाईच्या घरातून काहीच बाहेर पडत नसे. तांदळाचं धुवण म्हशीला, भाजीची देठं शेळीला, चुलीतली राख भांड्यांना. रॉकेलचा डबा फुटला की त्याच्या पत्र्याची चिमणी व्हायची. लुगडं विरलं की चांगला भाग गोधडीत जायचा आणि उरलेल्याचं पाणी गाळायचं फडकं व्हायचं. ते फडकं पुढं हातपुसणं, मग पोतेरं, आणि पोतेऱ्याच्याही चिंध्या झाल्या की त्यांचा काकडा. "धुरपताच्या उकिरड्यावर कोंबडी बी उपाशी मरंल," असं समोरची सुमनबाई म्हणायची. तो टोमणा होता, पण धुरपताबाईला तो शाबासकीसारखा लागायचा.

लातूर नवा जिल्हा झाला त्या वर्षीची गोष्ट. दोनच महिने झाले होते. लोकांच्या तोंडी अजून उस्मानाबादच होतं, आणि जुन्या जिल्ह्याच्या नावाचे छापील कागद रद्दीत निघाल्यामुळे बाजारात शेंगदाण्याच्या पुड्यासुद्धा सरकारी कागदात मिळत होत्या. धुरपताबाई त्या पुड्या सोडून, कागद हातानं सपाट करून, फडताळात अंथरायची.

नवरात्राच्या आधी तिनं सगळ्या गोधड्या धुवायला काढल्या होत्या. भिंतीवर, बाजेवर, बैलगाडीच्या जुवावर ओल्या गोधड्या टाकल्या होत्या. ती हात पुसत उभी राहिली तर दारात एक बाई. पायात चप्पल, अंगावर फिकट निळं पातळ, डोळ्याला चष्मा.

"वळखलं न्हाई ना?" बाई हसली. "मी सरजा. ज्ञानोबाची."

धुरपताबाईची नजर आधी गोठ्याकडे गेली.

दहा वर्षांपूर्वी सरजाबाई आणि ज्ञानोबा तिच्या शेतात राबायचे. बहात्तरच्या दुष्काळात शेतात राबण्यासारखं काही उरलं नाही. खडी फोडायच्या कामावरही रांगा लागायला लागल्या, तेव्हा दिवाळी झाल्यावर दोघं पोरगा घेऊन पुण्याकडे निघाले. निघायच्या दिवशी सरजाबाईनं एक गाठोडं आणलं होतं. "सासूचं हाय. सोबत न्यावं तर हितं झोपायचं का तितं, पत्ता न्हाई. पानी पडलं की मी येते. जपा तेवढं," एवढंच ती बोलली होती. धुरपताबाईनं गाठोडं घेतलं, पण घरात नेलं नाही. गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं. सरजाबाईनं ते पाहिलं होतं.

"बस की," आता धुरपताबाई म्हणाली. "कव्हा आलीस?"

"काल. बहिणीकडं उतरले, भीमनगरात." सरजाबाई ओट्यावर टेकली. तिच्या पाठीमागेच भिंतीवर मोठी गोधडी निथळत होती. "आमचा भीमा लागला ना. लातुरात, नव्या कचेरीत. कारकून. जिल्हा झाला अन् पोरगा घरी आला म्हना. खोली घेतलीय. दसऱ्याला वंदना ठेवलीय, समदी मानसं येनार. म्हनलं ते गाठोडं न्यावं."

"कोनतं?" म्हणून धुरपताबाईनं स्वतःलाच दोन क्षण दिले.

"सासूचं लुगडं हो. पांढरं. छप्पन साली नागपूरला नेसून गेली व्हती, दीक्षेला. पायातले वाळे मोडून घेतलं व्हतं तिनं. मंग दरसाली त्याच दिशी नेसायची अन् धुवून ठिवायची. मरताना म्हनली, नातू सायेब झाला की त्याच्या घरात मांड." सरजाबाई पुन्हा हसली. "सायेब न्हाई झाला, कारकून झाला. पर चालतंय."

सरजाबाईच्या मागे गोधडीतून पाणी टपटपत होतं. त्या गोधडीची वरची छिटाची खोळ कोपऱ्यात विरली होती आणि तिथून आतलं पांढरं डोकावत होतं. धुरपताबाई सरकून तो कोपरा झाकून उभी राहिली.

"हाय की," ती म्हणाली. "माळ्यावर टाकलंय. परवा देते काढून. ह्या धुण्याच्या राड्यात हात घालता यायचा न्हाई."

"परवा येते मंग," सरजाबाई म्हणाली आणि उठली. चहाचं विचारायचं राहूनच गेलं.

त्र्याहत्तरचा उन्हाळा धुरपताबाईला कालच्यासारखा आठवत होता. टँकर तीन दिवसांनी यायचा आणि त्याचं पाणी चहाच्या रंगाचं असायचं. जाड फडक्यातून ते गळत नसे, नव्या फडक्यातून तर मुळीच नाही. गाळायला जुनं, मऊ, तलम कापड लागायचं, आणि जुनं म्हणण्यासारखं काही कोणाच्या घरी उरलं नव्हतं. जे होतं ते अंगावर होतं. तेव्हा एका दुपारी तिनं खुंटीवरचं गाठोडं काढलं. सोडलं. आत पांढरं लुगडं, निळ्या बारीक काठाचं, घडीवर घडी. कापूर ठेवला होता आत.

पांढरं म्हणजे रांडव बाईचं, एवढंच तिला ठाऊक होतं. मेलेल्या विधवा सासूचं लुगडं, असलं अवलक्षण कोण जपतं? सरजाला तरी ते कशाला लागतंय? असं मनाशी म्हणत तिनं काठ दातानं तोडला आणि लुगडं टर्रकन फाडलं. दोन हात सुमनबाईला दिलं, दोन हात शेजारच्या केवळाबाईला, एक तुकडा आपल्या रांजणावर बांधला. उरलेलं त्या पावसाळ्यात गोधडीच्या पोटात घातलं.

"कोनाचं गं हे? लई मऊ हाय," सुमनबाईनं विचारलं होतं.

"माझ्या आत्याचं," धुरपताबाई म्हणाली होती.

ते खोटं तिनं का बोललं, हे तिला तेव्हाही ठाऊक होतं. सरजाचं म्हटलं असतं तर गल्लीत कोणी त्यातून पाणी गाळून प्यालं नसतं. ती स्वतः मात्र प्यायली. रोज प्यायली. तहान ती तहान, असं म्हणून विसरली. पुढं पाऊस पडला, सरजा आली नाही. दुसऱ्या वर्षी आली नाही. दहा वर्षांत धुरपताबाईनं ती खुंटीसुद्धा उपटून दुसरीकडे ठोकली होती.

संध्याकाळी दगडोबा, तिचा नवरा, बाजारातून आला. तिनं सगळं सांगितलं तर तो तंबाखू मळत म्हणाला, "त्यात काय? उंदरानं खाल्लं म्हन."

"दहा वर्षांत उंदरानं खाल्लं अन् मला कळलं न्हाई, असं म्हनू?"

"मंग नवं घेऊन दे एक. पांढरं लुगडं बाजारात ढिगानं मिळतंय."

मोडलेल्या वाळ्यांचं लुगडं बाजारात कुठलं मिळणार? तिनं कंदील जवळ ओढला आणि न वाळलेल्या गोधडीचे टाके उसवायला बसली. धावदोऱ्याचे बारीक टाके तिचेच होते, दोन-दोन जोंधळ्याइतके. ते घालताना तिला आपल्या हाताचा केवढा गर्व वाटला होता. आता एकेक टाका सुईच्या टोकानं उचलायचा, तोडायचा, दोरा ओढायचा. रात्र उलटली तेव्हा आतून अडीच हात कापड निघालं, बाकीचं आतल्या आत विरून त्याचे दोरे झाले होते. पांढरं नव्हे, मातकट, सगळं टाक्यांच्या भोकांनी चाळण झालेलं. काठ कुठेच नव्हता.

सकाळी ती केवळाबाईकडे गेली. केवळाबाईच्या तुकड्याचं गाळणं झालं होतं, गाळण्याचं पोतेरं, आणि मागच्या साली होळीला काकडा. "त्याची राख बी भांड्याला लावली," केवळाबाई अभिमानानं म्हणाली. "तुझीच शिकवन. काय वाया घालवलं न्हाई."

धुरपताबाईला हे ऐकून ओरडावंसं वाटलं.

मग ती सुमनबाईकडे गेली. सुमनबाई निवडण घेऊन बसली होती.

"ते पांढरं फडकं दिलं व्हतं बघ दुष्काळात. उरलंय का काय त्यातलं?"

"इतक्या वर्षांनी परत मागतीस व्हय? आता फडक्याचा बी हिशेब?" सुमनबाई हसली. "माझी शोभा तव्हाच झाली ना, तिच्या बारशाला टोपडं शिवलं व्हतं त्याचं. तेवढं ठिवलंय. बाकी गेलं."

"ते दे मला."

"का?"

आत्याचं नाव पुन्हा घेता आलं असतं. आत्या मेली होती, विचारायला कोणी जाणार नव्हतं. धुरपताबाईनं क्षणभर तोंड उघडलं आणि मिटलं.

"ते सरजाचं व्हतं. ज्ञानोबाच्या सरजाचं. तिच्या सासूचं. मी तिला न इचारता फाडलं."

सुमनबाईचा हात सुपात थांबला. "म्हंजी... आम्ही दोन वर्षं त्यातून पानी..." तिच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं. "माझी सासू जित्ती व्हती तव्हा. माळकरी बाई. तिला बी पाजलंस?"

"पाजलं. मी बी प्याले. मेलं का कुनी?"

"अन् लेकराच्या डोक्याला..." सुमनबाई उठून आत गेली. पेटी उघडल्याचा, आपटल्याचा आवाज आला. ती बाहेर आली ती उंबऱ्याच्या आतच थांबली. हात लांब करून, वरूनच, तिनं टोपडं धुरपताबाईच्या पसरलेल्या पदरात टाकलं. बोटाला बोट लागू न देता.

धुरपताबाई तशीच उभी राहिली. असंच वरून तिनं कितीदा सरजाच्या पदरात टाकलं होतं. भाकर, मीठ, मजुरीचे जोंधळे. तांब्यानं पाणीही असंच वरून ओतलं होतं, ओंजळीत. ते कसं लागतं याचा तिनं एकदाही विचार केला नव्हता. टोपड्याच्या कडेला निळ्या काठाची बोटभर पट्टी शिवलेली होती.

सरजाबाई दुसऱ्या दिवशी येणार होती. धुरपताबाई त्याआधीच, त्याच दुपारी, भीमनगरात गेली. गाव सारं पालथं घातलेली ती बाई ह्या रस्त्यानं कधी आली नव्हती. घर विचारत विचारत जावं लागलं. सरजाबाई बहिणीच्या अंगणात तुरीच्या काड्यांचा झाडू बांधत बसली होती. धुरपताबाईला पाहून ती उठली, बाज झटकली.

"तुम्ही कशाला आलात? मी येनारच व्हते."

धुरपताबाई बसली नाही. पदराआडून उसवलेलं कापड आणि टोपडं काढून तिनं सरजाबाईच्या हातात दिलं. हातातच दिलं.

"एवढंच हाय सरजाबाई. बाकीचं मी फाडून टाकलं. तू गेलीस त्याच उन्हाळ्यात. पानी गाळायला, अन् गोधडीला. मला वाटलं पांढरं हाय म्हंजी..." तिला पुढचा शब्द उच्चारवेना.

सरजाबाईनं तो ओळखला. "रांडवेचं," ती म्हणाली. "सासू रांडव न्हवती. सासरा सोबत व्हता नागपूरला. जोडीनं गेले, जोडीनं पांढरं नेसून आले. तुम्ही इचारलं असतं तर सांगितलं असतं."

"कुनाला इचारू? तू तर पुण्याला..."

"घेताना इचारायचं व्हतं. हातात घेताना." सरजाबाईचा आवाज चढला नाही. ती कापड उलटंपालटं करून पाहत होती, टाक्यांच्या भोकांवरून अंगठा फिरवत होती. मग टोपडं उलटून तिनं ती निळी पट्टी पाहिली आणि चष्मा काढला. बराच वेळ काढूनच ठेवला.

"मी नवं घेऊन देते," धुरपताबाई म्हणाली आणि म्हणता म्हणताच तिला लाज वाटली.

"नगं." सरजाबाईनं तुकड्यांची घडी घातली. दोन तुकडे ते, पण तिनं नऊवारीची घालावी तशी सावकाश घातली. "दहा साल मी भीमाला सांगत आले, आजीचं लुगडं अहमदपुरात हाय, चांगल्या घरात ठिवलंय. झोपडीत पावसानं समदं भिजायचं तव्हा म्हनायचे, ते तरी कोरडं हाय. आता त्याला मी काय सांगू?"

"खरं ते सांग."

"मी का सांगू? मी काय केलं?" आता पहिल्यांदा ती धुरपताबाईकडे सरळ पाहत होती. "तुम्ही सांगा. दसऱ्याला या लातुरात. मानसं असतील, त्येंच्यासमोर सांगा."

"मानसांसमोर?"

"तुमच्या गल्लीत समद्यांसमोर वाटलंत की."

घरी आल्यावर दगडोबा म्हणाला, "येडी झालीस का? दसऱ्याच्या दिशी घर सोडून? सोनं वाटायला मानसं येतील दारात. अन् तितं जाऊन पोराटोरांसमोर नाक घासनार?"

"गोधडी उसवलीय," ती म्हणाली. "थंडीच्या आदी पुन्हा भरावी लागंल. तुमचं जुनं धोतर काढून ठिवा." आणि तिनं तो विषय तिथंच संपवला.

दसऱ्याला ती सकाळच्या एसटीनं निघाली. गाडीच्या पाटीवर लातूर नव्या रंगानं लिहिलेलं होतं, खालचं जुनं अक्षर अजून पुसट दिसत होतं. भीमाच्या खोल्या दोनच होत्या, पण अंगणात मांडव होता आणि सगळी माणसं पांढऱ्यात. बायका, पोरी, कुंकवाच्या, चुड्याच्या बायकासुद्धा. एवढं पांढरं तिनं एका ठिकाणी कधी पाहिलं नव्हतं. हिरव्या लुगड्यातली ती एकटीच, आणि जिकडे तिकडे तिला तेच लुगडं दिसत होतं, अख्खं, न फाटलेलं.

आत मूर्तीपुढे मेणबत्त्या होत्या आणि पाटावर ती घडी. वर टोपडं. कोणी तरी विचारलं, हे काय ठेवलंय? लहान मुलाचं टोपडं कशाला? भीमानं आईकडे पाहिलं. उंच झाला होता, बापासारखा. धुरपताबाईच्या शेतात तो ढेकळं फोडायचा तेव्हा तिच्या खांद्यालाही येत नव्हता.

"माय, ह्या कोन?"

सरजाबाईनं धुरपताबाईकडे पाहिलं, नाव घेतलं नाही. "सांगतील त्या," ती म्हणाली.

धुरपताबाईच्या जिभेवर तीन-चार सोप्या गोष्टी आल्या: दुष्काळ होता, पाणी नव्हतं, सगळेच तसे वागले. त्या खोट्या नव्हत्या. तिनं त्या गिळल्या. पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन ती उभी राहिली, आणि सगळं पहिल्यापासून, गोठ्यातल्या त्या खुंटीपासून सांगायला लागली.